सहाणेसमोरची सावली

हरिश्चंद्र शिवलकर हे नाव फक्त रेशनकार्डावर. मालगुंडच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जी वाडी आहे, तिथं जाऊन हरिश्चंद्र कुठं राहतात म्हणून विचाराल तर लोक तुमच्याच तोंडाकडे बघत राहतील. ‘सारंग’ म्हणा, मग शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला थेट त्यांच्या पायरीशी नेऊन सोडेल. डेकवरच्या खलाशांचा जो म्होरक्या, तो सारंग. हा माणूस मिसरूड फुटायच्या आत बोटीवर चढला आणि केस पिकल्यावर उतरला. अधेमध्ये गावी यायचा, तो पाहुण्यासारखा. लग्न झालं, पोरगा झाला, आई गेली, घराला कौलं जाऊन स्लॅब आला, आणि यातल्या निम्म्या गोष्टी त्याला बंदरावर उतरल्यावर फोनमधून कळल्या.

गेल्या पावसाळ्यात कायमचा घरी आला, तर घरी बसणं जमेना. सकाळी उठून अंगणात उभा राहायचा आणि दोन्ही पाय जरा फाकवूनच. यमुनाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, “अवो, जमीन हाय ती, हलत नाय. नीट उभे ऱ्हावा.” तो हसायचा. पण खरं सांगायचं तर त्याला तेच फार आवडायचं, जमीन हलत नाही हे. चहाचा कप ठेवला तर जिथं ठेवला तिथंच राहतो, याचं त्याला अजून अप्रूप होतं. बोटीवर आयुष्यभर ज्याने प्रत्येक वस्तू बांधून ठेवली, त्याला एक काहीतरी पक्कं, न हलणारं, आपल्या हातानं उभं करायचं होतं. काय ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. ते कळलं वेदिकामुळे.

वेदिका ही त्याची नात. मुलगा अनिल आणि सून सानिका दोघंही लोट्याला, कारखान्यात. याची पाळी सुटते तर तिची भरते, आणि कंपनीची बस दारात उभी. मग पोर सांभाळणार कोण? म्हणून वेदिका आजी-आजोबांकडे. पाच संपून सहावं लागलेलं, तोंडाने अखंड चालू, आणि एका जागी बसायचं म्हणजे तिला शिक्षा.

आणि नेमकी तीच शिक्षा तिच्या वाट्याला आली. मागच्या उन्हाळ्यात तिच्या हातांवर, मानेवर, गालांवर लाल पुरळ उठलं. यमुनाबाईने आधी कडुनिंबाचा पाला करून बघितला, मग नाचणीची आंबील करून बघितली, मग देवाला गाऱ्हाणं घालून बघितलं. पुरळ जाई आणि पोर उन्हात गेली की परत येई. शेवटी रत्नागिरीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्या म्हणाल्या, “हिला ऊन सोसत नाही. घाबरू नका, असतं काही मुलांना असं, मोठेपणी कमीही होतं. दहा ते चार उघड्या उन्हात सोडू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, हे मलम, आणि मुख्य म्हणजे सावली. पण खेळू द्या हं तिला, कोंडून ठेवू नका.”

यमुनाबाईने यातलं पहिलं तेवढं ऐकलं. शेवटचं वाक्य तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही. झालं! वेदिका पडवीत बसली. पडवीच्या गजांना धरून ती समोरच्या पाणंदीतून जाणाऱ्या पोरांना हाका मारायची. सुरुवातीला पोरं थांबायची, बोलायची. मग पोरंच ती, किती दिवस थांबणार?

दिवाळीला सानिका आली, तेव्हा तिने हे पाहिलं. सून तोंडाची फटकळ नव्हे, पण तिने जे बोलायचं ते सरळ बोलून टाकलं. “आई, बाबा, राग मानू नका. इथं पण पडवीतच बसायचं आणि तिथं पण खोलीतच बसायचं, तर आईबापाजवळ बसू दे की तिला. जूनला पहिलीत घालायचीय. मे महिन्यात आम्ही येतो, तेव्हा बघू. बाहेर खेळायला लागली तर राहू दे इथं. नाहीतर मी घेऊन जाते.”

लोट्याची ती खोली सारंगाने पाहिली होती. एक खिडकी, ती पण वाऱ्याची दिशा बघून उघडायची, कारखान्यांकडून वारा असला की बंद. सून चुकीचं बोलत नव्हती, हेच त्याला जास्त लागलं. आपला पोरगा कसा खेळला, कुठं पडला, कोणाशी भांडला, यातलं काही म्हणता काही त्याने पाहिलं नव्हतं. आता नात दिसत होती, तीही गजांच्या आडून.

त्याच सुमाराला ग्रामपंचायतीकडून वाडीला पोरांसाठी खेळणी मिळाली. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, एक सी-सॉ. पण ठेवायची कुठं? सपाट जागा वाडीत एकच, सहाणेसमोरची. सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी येऊन बसते तो चौथरा. समोर हा मोठा कातळ, काळा, उघडा, एका बाजूला गडगा, म्हणजे दगड रचून केलेली बुटकी भिंत, आणि गडग्यापलीकडे बाळा आग्रेची आंब्याच्या कलमांची बाग. मानकरी म्हणाले, खेळणी ठेवा, पण कडेला. पालखी नाचते त्या जागेवर काही नको, आणि पालखीच्या डोक्यावर आभाळच पाहिजे, छप्पर चालायचं नाही. म्हणून खेळणी सरकवली अगदी उत्तरेच्या गडग्याला लागून आणि सिमेंटात पक्की बसवली.

खेळणी बसली, नारळ फुटला, फोटो निघाला, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की त्या कातळावर सावलीचा टिपूससुद्धा नाही. सारंगाने घसरगुंडीच्या पत्र्याला हाताची पालथी बाजू लावली आणि झटक्यात काढून घेतली. डेकवरच्या लोखंडावर तो असाच हात लावून बघायचा, अनवाणी खलाशांना पुढं सोडायच्या आधी. “यावर पोर बसली तर मांडी भाजंल,” तो म्हणाला. “झाडं लावा,” कोणीतरी सुचवलं. झाडं लावायलाच पाहिजेत, त्यात वाद नाही, आणि पुढं पावसात कातळ फोडून दोन करंज लावायचं ठरलंही. पण कातळातला करंज सावली देण्याएवढा होईपर्यंत ही पोरं आपापल्या लग्नाच्या पत्रिका वाटत फिरतील, हेही सगळ्यांना कळत होतं.

“सावलीचा मी बघतो,” सारंग म्हणाला. आणि घरी येऊन यमुनाबाईला म्हणाला, “तुझी नात आता पडवीत बसणार नाय.”

त्याने काय काय केलं म्हणता! पहिल्यांदा ताडपत्री आणायला निघाला होता. पण पालीला एका नर्सरीवाल्याशी त्याची ओळख, त्याने सांगितलं की ताडपत्रीखाली हवा कोंडते, पोरं शिजून निघतील, आणि वारा आला की ती शिडासारखी फुगून खांब उपटून नेईल. रोपांवर लावतात ती हिरवी जाळी घ्या, जरा घट्ट विणीची, आणि दुहेरी करा. ऊन अडेल, वारा जाईल. शिडासारखी फुगेल म्हटल्यावर सारंगाला लगेच पटलं. वाऱ्याशी त्याचं जुनं वैर होतं.

मग खांब कुठं रोवायचे? बाळा आग्रे गडग्यावरून म्हणाला, “सारंगा, माझ्या हद्दीत ही दोन सुरूची झाडं उभी हायत की. सरळसोट, उंच. एक बाजू त्यांना बांध, दुसरी बाजू खांबांना. मधी खेळणी. काम झाला!”

सुरूची सावली म्हणजे नावालाच, पण खोड दणकट. सल्ला काही वाईट नव्हता. पण सारंगाने वर बघितलं. सुरूचे शेंडे वाऱ्यावर डुलत होते. “नको रे बाबा,” तो म्हणाला. “हलतंय ते. जन्मभर हलणाऱ्याला दोर बांधले. आता मला पक्का पाहिजे.”

आता इथं तुम्ही म्हणाल, एवढा जग फिरलेला माणूस, सुरू हलतो म्हणून घाबरतो? घाबरला नव्हता. त्याचा हट्ट होता. माणूस साध्या गोष्टीत चुकतो ना, तो बहुतेक वेळा अशाच हट्टापायी, ज्यात त्याचं सगळं आयुष्य गोळा झालेलं असतं.

त्याने अभ्यास केला नाही असं मात्र नव्हे. महिना मार्गशीर्षाचा. तो रोज दुपारी कातळावर एक काठी उभी धरायचा आणि तिच्या सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण करायचा. सावली उत्तरेकडे लांब पडत होती. म्हणजे खेळण्यांच्या डोक्यावर जाळी नकोच, खेळण्यांच्या दक्षिणेला, मोकळ्या कातळावर चार खांब रोवले आणि उंच जाळी ताणली की सावली आपोआप झोपाळ्यांवर आणि घसरगुंडीवर जाऊन पडते. गडग्याच्या बाजूला खांबांना जागा नव्हतीच. सगळं कसं जुळून आलं. कातळात ड्रिल मारून पाइप सिमेंटात पुरले, जाळी अशी ताणली की टिचकी मारली तर आवाज यावा, आणि नुसत्या खांबांना मानकऱ्यांची ना नव्हती, म्हणून शिमग्यात पालखीपुरती जाळी उतरवता येईल एवढीच सोय ठेवली.

ज्या दिवशी जाळी चढली त्या दिवशी भर दुपारी वेदिका झोपाळ्यावर बसली. लांब बाह्या, गळ्याखाली बांधलेली टोपी, आणि अंगावर हिरवट गार सावली. बालवाडी सुटली की पोरं तिथंच यायला लागली. वेदिकाने घसरगुंडीवरून उताणी, पालथी, उलटी अशी सगळ्या तऱ्हेने घसरून घेतलं. सारंग सहाणेच्या पायरीवर बसून बघायचा. बघता बघता त्याच्या डोळ्यात पाणी यायचं आणि तो म्हणायचा, कातळाची धूळ फार उडते. सानिकाला त्याने फोनवर फोटो पाठवले. सानिकाचं उत्तर आलं, ‘छान. मे मध्ये येतोच आहोत.’

शिमग्यात जाळी उतरवली, पालखी मनसोक्त नाचली, आणि मग जाळी परत चढवली. तेव्हा सारंगाला जरासं वाटलं होतं, सावली झोपाळ्याच्या अलीकडेच संपते की काय. पण त्याने स्वतःची समजूत घातली, आपणच ताणताना ढिली ठेवली असेल. माणूस आपल्या हातच्या कामाला सहसा दोष देत नाही. त्यात चैत्रात ऊन असं कडकलं की यमुनाबाई वेदिकाला संध्याकाळीच बाहेर सोडायची, आणि संध्याकाळी सगळीकडे सावलीच असते.

मग मे महिना आला. घराघरात चाकरमानी आले, वाडी पोरांनी नुसती फुलून गेली. अनिल आणि सानिका आदल्या दिवशी संध्याकाळी पोचले. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला सारंग म्हणाला, “चला, पोरीचा खेळ बघायला चला.” त्याच्या चालण्यात तोरा होता. सासरा पुढं, सून मागं, आणि वेदिका केव्हाच धावत गेलेली.

सहाणेपाशी पोचले आणि सारंगाचे पाय जागच्या जागी थांबले.

जाळी तिथंच होती. खांब तिथंच होते, तसूभर हललेले नव्हते. सावलीसुद्धा होती, चांगली गडद, चौकोनी. पण ती पडली होती खांबांच्या पायाशी, रिकाम्या कातळावर, जिथं काहीच नव्हतं. झोपाळे आणि घसरगुंडी पलीकडे रणरणत्या उन्हात. मुंबईची पोरं, गावची पोरं, सगळी त्या उन्हात किंचाळत खेळत होती. आणि त्या रिकाम्या सावलीच्या बरोबर मधोमध वेदिका मांडी घालून एकटीच बसली होती. सावली सोडायची नाही, हे तिला सगळ्यांनी बजावून सांगितलेलं. ती ऐकणारी पोर. तिने सावली सोडली नव्हती.

मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून सावली उत्तरेला लांब जाते. वैशाखात तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली ज्याची त्याच्या पायाशी जमा होते. यात कोणाला न कळण्यासारखं काय आहे? पण सारंगाने जाणता झाल्यापासून वैशाख गावात काढलाच कुठं होता? आणि बोटीवर तर ऊन कुठून येतं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. बोट वळली की ऊन वळतं, खलाशी कापड सोडतात आणि दुसऱ्या बाजूला बांधतात. काम झालं.

सानिका छत्री उघडून उन्हातून चालत सावलीत गेली आणि लेकीशेजारी बसली. वेदिकाने तिला सांगितलं, “आई, इथून सगळं दिसतं.” ते सारंगाने ऐकलं. त्यापेक्षा कोणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्याला झालं.

घरी आल्यावर तो पडवीत बसला. ज्या जागी वेदिका बसायची तिथंच. यमुनाबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. घराची सावली पुढं सरकत आली तशी तिने चटई ओढून उन्हात नेली. थोड्या वेळाने परत ओढली. सारंग ते नुसता बघत होता.

“काय झाला तुम्हाला?” तिने विचारलं.

“चुकला माझा. सगळाच चुकला. पोरीला पडवीतनं काढून दुसऱ्या पडवीत बसवली मी.”

“मग उचला ती जाळी आणि न्या पलीकडं.”

“पाइप सिमेंटात हायत गो. हलायचे नायत.”

यमुनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं डोकं फिरलं की ती अशीच उभी राहते. “नाय हलायचे? तुम्हाला पक्का पाहिजे होता ना? घ्या आता पक्का! सूर्य काय तुमच्या सिमेंटात पुरलेला हाय? मी पाठ मोडून दिवसभर ह्या चटया ओढते, ते काय मला हौस हाय म्हणून? माझी पोर जून लागला की लोट्याला जाईल आणि तुम्ही त्या खांबांना मिठी मारून बसा!”

बोलून झाल्यावर ती रडली. रडलीही आणि चटईही ओढली. दोन्ही एकदमच.

सारंग उठला. त्याने माळ्यावरची पेटी काढली. त्यात दोर होते, कप्प्या होत्या, पितळी कड्या होत्या, बोटीवरचं सगळं, जे पुन्हा म्हणून हातात धरणार नाही असं तो येतेवेळी म्हणाला होता. मग तो गडग्याशी गेला. बाळा आग्रे आंब्याच्या पेट्या भरत होता.

“बाळा, तुझे सुरू दे रे.”

“हलतात ते,” बाळा म्हणाला. त्याला एवढी संधी कोण सोडायला सांगणार?

“हलू देत. दोराला ढील ठेवतो,” सारंग म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत तो आणि अनिल लागले होते. खांबांच्या डोक्यावरून दोन जाड दोर थेट गडग्यापलीकडच्या दोन सुरूंपर्यंत नेले. जाळी खांबांपासून सोडवून तिच्या दोन्ही कडांना कड्या शिवल्या आणि ती त्या दोरांवर ओवली. कप्प्यांतून दोर खाली एका खांबापाशी आणला. तो दोर ओढला की जाळी आभाळातून सरकत खेळण्यांवर जायची, दुसरा ओढला की परत यायची. अनिल घामाने निथळत होता. एकदा दोर आवळताना तो म्हणाला, “बाबा, ही गाठ मला कधी शिकवली नाय तुम्ही.” सारंग म्हणाला, “इकडं ये, शिकवतो.” त्याने शिकवली. अनिलने ती दोनदा सोडली आणि दोनदा बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं जमली, तर खेळ निघाला ऊन-सावलीचा. तुम्हीही लहानपणी खेळला असाल. ज्याच्यावर राज्य, त्याला विचारायचं, “ऊन पाहिजे की सावली?” तो ‘ऊन’ म्हणाला तर उन्हात सापडेल त्याला तो बाद करणार आणि सावलीत असतील ते वाचणार. ‘सावली’ म्हणाला तर उलटं. बाकीच्यांनी त्याच्या हद्दीत शिरून त्याला चिडवायचं आणि हाताला न लागता पळायचं. एरवी राज्य नको म्हणून पोरं रडून गोंधळ घालतात.

जाळी अजून मधल्या कातळावरच होती. वेदिका तिच्या सावलीत उभी. तिने हात वर केला आणि ओरडून सांगितलं, “माझ्यावर राज्य! मी घेते!”

दिशा म्हणून तिची एक मैत्रीण आहे, ती म्हणाली, “वेडी झालीस? राज्यासाठी चकलो पण नाही अजून.”

“मी घेते. मला सावली पाहिजे.”

समर्थ मुंबईहून आलेला, सगळ्यांत उंच, कायदेबाज. तो म्हणाला, “घेऊ दे ना, आपलं काय जातं?” आणि खेळ सुरू झाला. पोरं उन्हातून पाय पुढे करायची, सावलीत टेकवायची आणि पळायची. वेदिका या कडेपासून त्या कडेपर्यंत धावत होती, पण कडेला आली की थांबायची. कडेपलीकडे तिला जाता येत नव्हतं, आणि तेवढ्यात पोरं निसटायची. समर्थ तर हातभर अंतरावर उभा राहून नाचून दाखवत होता.

सारंग खांबापाशी उभा होता. त्याने दोर हातात घेतला, पाय जरा फाकवले, आणि ओढला.

सावली सरकली. समर्थाचे पाय काळे झाले, मग गुडघे, मग तो सगळाच्या सगळा सावलीत आला, तरी नाचतच होता. “आउट!” वेदिकाने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

काय गोंधळ माजला म्हणून सांगू! “चीटिंग! चीटिंग! सावली हलली!” पोरं ओरडत होती आणि हसून लोळत होती. सारंगाने आणखी दोर ओढला. पोरं पुढं पळाली, त्यांच्यामागून सावली, आणि सावलीतून वेदिका, दोन्ही हात पसरून. ती कडेपर्यंत येऊन थांबत नव्हती, कारण कडच तिच्यापुढं पळत होती. झोपाळ्यांपर्यंत गेली, घसरगुंडीला वळसा घालून आली, दिशाला धरलं, आणखी दोघांना धरलं. तिला ठाऊक होतं की आजोबा दोर सोडणार नाहीत. ती खाली बघतसुद्धा नव्हती.

बाद झालेला समर्थ कमरेवर हात ठेवून म्हणाला, “आजोबा पण खेळतायत! मग त्यांना पण घ्या! त्यांना पण आउट करता येतं!”

“बरोबर,” दिशा म्हणाली. पोरांच्या पंचायतीत लगेच ठरलं, आजोबा खेळात.

सारंग उन्हात होता. त्याने जाळी परत आणायला दुसरा दोर ओढला आणि हसण्याच्या नादात जरा जास्तच ओढला. सावली कातळावरून येत येत थेट त्याच्या पायांवर आली. त्याने खाली बघेपर्यंत वेदिका येऊन त्याच्या पोटावर आदळली. “आउट! आजोबा आउट! सगळे आउट! आता राज्य आजोबांवर!”

पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. वेदिका त्याचा हात धरून उड्या मारत होती. तिचा चेहरा घामाने भिजला होता, टोपी मागे घसरली होती, आणि अंगावर पुरळाचा एक ठिपका नव्हता. सगळ्यांनी मिळून विचारलं, “आजोबा, ऊन पाहिजे की सावली?”

सारंगाने दोर खुंटीला अडकवला आणि दोन पावलं मागं सरून उन्हात उभा राहिला. “ऊन,” तो म्हणाला.

किंकाळी उठली आणि सगळी पोरं सावलीत घुसली. मुंबईची, गावची, मोठी, बारकी, झाडून सगळी. एकमेकांना ढकलत, चेंगरत, त्या हिरव्या चौकोनात उभी राहिली, आणि उन्हातल्या म्हाताऱ्याला जीभ काढून चिडवायला लागली.

सानिका छत्री घेऊन पायवाटेने येत होती. तिने लांबूनच बघितलं आणि ती भराभर चालायला लागली. “बाबा, वेदिका कुठाय?”

सारंगाने त्या गर्दीकडे बघितलं. काल त्या सावलीत एकटी बसलेली पोर वाडीच्या कुठल्याही टोकावरून दिसली असती. आज त्यालाही शोधावी लागली. दुसऱ्या रांगेत, समर्थाच्या बगलेखालून तोंड बाहेर काढून, ती सगळ्यांबरोबर ओरडत होती.

“ती बघ,” त्याने बोट दाखवलं.

सानिकाने डोळे पुसले आणि ती म्हणाली, “राहू दे तिला इथं, बाबा. शाळेत नाव इथंच घालू.” आणि तीही सावलीत जाऊन पोरांत उभी राहिली. सारंग मात्र उन्हातच थांबला, कारण राज्य त्याच्यावर होतं.